उद्योजकता शिकवली आणि धंद्याची इच्छाच कमी झाली!

नमस्कार. आज सुरुवात एका उलट्या निकालापासून.

नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला दिली होती. शेअर विकून भांडवल उभं करायचं, वस्तू बाजारात आणायची, विकायची, शेवटी हिशेब द्यायचा. दुसऱ्या कॅम्पसवर हा कोर्स नव्हता, म्हणून तुलना करता आली. २०१० साली निष्कर्ष छापून आले: पुढे धंदा काढायची इच्छा वाढायची सोडून घटली होती.

आता बोला! कोर्स फसला का?

थांबा, आधी इच्छा कशाची बनते ते बघू. मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी १९९१ च्या लेखात तीन गोष्टी मांडल्या. ते काम मला बरं वाटतं का, माझ्या माणसांना ते पटेल का, आणि मला ते झेपेल का.

वेल्डिंग किंवा वायरिंग शिकणाऱ्या मुलाचं घोडं अडतं ते या तिसऱ्या प्रश्नावर. हातात कसब आहे, पण गिऱ्हाईकाने "किती घेणार?" विचारलं की तोंडाला कुलूप. ऐन वेळी सुचेल तो दर सांगायचा आणि मग उधारी मागायलाही लाजायचं. हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वर्गात यशस्वी उद्योजकाचं भाषण ठेवतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि दर काढायचा प्रश्न तिथेच राहतो. (भाषणं मलाही आवडतात हो, पण त्यावर वायरिंगचं बिल होत नाही.) मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांच्या मते "मला जमेल" हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काम पार पाडल्यावर. दुसऱ्याचं बघून किंवा ऐकून तेवढा होत नाही.

मग नेदरलँड्समधल्या त्या मुलांची इच्छा का घटली? तिथल्या संशोधकांचा एक अंदाज असा, की मुलांना स्वतःची खरी कुवत कळली. जर्मनीतल्या एका अभ्यासातही, तोही २०१० चाच, कोर्सनंतर सरासरी इच्छा थोडी उतरली. पण धंदा हा आपला पिंड आहे की नाही, याबद्दल बऱ्याच जणांचं मत पक्कं झालं. माझ्या मते हे कोर्सचं यशच. कर्ज काढून, दुकान थाटून मग हे कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं स्वस्त पडतं.

दुसरी बाजूही सांगतो. २०१४ मध्ये ७३ अभ्यास एकत्र तपासले गेले. शिक्षण आणि इच्छा यांचा संबंध दिसला, पण बारीक. कोर्सला येण्याआधीची इच्छा हिशेबात धरल्यावर तोही ठोस राहिला नाही. म्हणजे ज्यांना धंदा करायचाच होता, तेच वर्गात येऊन बसले असतील!

शिक्षक असाल तर उद्या एक करा. एका दुरुस्तीच्या कामाचा दर मुलांना कागदावर काढायला सांगा. माल, वेळ, जाण्यायेण्याचा खर्च, आणि काम बिघडलं तर फुकट परत करून द्यायचा खर्च. हा शेवटचा आकडा किती जण लिहितात, तेवढं मोजा.