दुसऱ्या ओळीची वाट पाहताना

श्रोतेहो, नमस्कार. उर्दू येत नाही, मग गझलेच्या मैफलीला जाऊन काय करायचे, असे म्हणून जी मंडळी घरीच थांबतात, त्यांना आज मी माझ्या मामांची हकिकत सांगणार आहे.

मामा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, तालमीत घडलेले. खासबागेतली कुस्ती आणि देवल क्लबातले गाणे यांवर त्यांचा सारखाच जीव. उर्दू मात्र त्यांना अजिबात येत नव्हती. एका पावसाळी रात्री मी त्यांना गझलेच्या मैफलीला नेले. गायकाने मतला, म्हणजे गझलेचा पहिला दोन ओळींचा शेर, गायिला. दोन्ही ओळींच्या शेवटी तेच शब्द पुन्हा आले, ती रदीफ. त्यांच्या अगोदर ‘नजर’ आणि ‘असर’ असे जुळणारे शब्द आले, तो काफिया. मामांनी मांडीवर बोटाने ठेका धरून नेमकी ती जागा पकडली. दुसऱ्या शेरात त्या जागी ‘खबर’ आले. तिसऱ्या शेराची पहिली ओळ घर सोडून निघालेल्या माणसाची होती. ती ओळ गायकाने निरनिराळ्या सुरांनी सहा-सात वेळा आळवली, तबला थांबला, सभागृह निःशब्द झाले, आणि दुसरी ओळ काफियाच्या उंबरठ्यावर येताच मामांच्या तोंडून शब्द निघाला, ‘सफर!’ गायकाच्या गळ्यातूनही तोच शब्द आला. त्यांनी पेटी थांबवून मामांना आदाब केला आणि तो शेर पुन्हा म्हटला. परतताना मामा म्हणाले, “ही तर कुस्तीच की रे! पहिल्या ओळीत पट काढायचा, दुसऱ्या ओळीत चितपट!”

म्हणून सांगतो, वेळेवर पोहोचा. मतला चुकला, की रदीफ-काफियाची खूण चुकते. पुन्हा सांगतो, मतला चुकवू नका. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे सलग कथा शोधू नये. आणि मोबाइल खिशातच राहू द्या. ज्या करवीरनगरीत शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांना मानाने आश्रय दिला, तेथे गायकासमोर मोबाइल उंचावून बसणे मला फार खटकते.

शेर आवडला, तर ‘मुकर्रर’ म्हणावे, म्हणजे पुन्हा ऐकवा. मामांच्या जिभेवर तो शब्द कधी रुळला नाही. ते मोठ्याने म्हणत, “पुन्हा एकदा होऊ दे, बुवा!”, आणि गायक हसून शेर पुन्हा उचलत.