ताटातली भाजी स्वतःसाठी काय करत होती?

हा कोबीचा गड्डा आपण उभा चिरलाय, जरा जवळून बघा. मधोमध पांढरा जाड दांडा वर गेलाय, त्याला दोन्हीकडून पानं फुटलीयेत पण उलगडलेली नाहीत, एकावर एक गच्च दाबून बसलीयेत. आणि पान जिथे दांड्याला चिकटतं त्या बेचक्यात बारीकसा कोंब दिसेल. तर हा अख्खा गड्डा म्हणजे एक भलीमोठी कळी आहे, आणि ती अजून जिवंत आहे.

जिवंत म्हणजे खरोखर जिवंत हं, कविता नाही करत. ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, साठवलेली साखर थोडी थोडी खर्च करते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तोडून आणलेला कोबी बारा तास उजेड, बारा तास अंधार असा ठेवून बघितला, तर पानांमधलं दिवसरात्रीचं घड्याळ चालूच होतं, किड्यांपासून वाचवणारी रसायनं पान त्या घड्याळाप्रमाणे कमीजास्त करत होतं. मूळ तुटलंय, शेत लांब राहिलंय, तरी अळी कधी येईल त्याची तयारी सुरूच. आणि आपण तो उचलून फ्रीजच्या अंधारात ठेवतो आणि निसर्ग बघायला बॅग भरून बाहेर पडतो. जा की, जरूर जा, पण निसर्ग दिवसातून दोन-तीनदा आपल्या तोंडातून जातोय आणि त्याला आपण फक्त चव विचारतो. दुसराही एक प्रश्न विचारून बघा, की बाबा, तू माझ्या ताटात यायच्या आधी स्वतःसाठी काय करत होतास?

गाजराला विचारा. गाजर पहिल्या वर्षी फूलच धरत नाही, पानांनी बनवलेली साखर मुळात भरून ठेवतं, थंडी काढतं आणि दुसऱ्या वर्षी ती सगळी शिदोरी वापरून उंच दांडा काढून फुलतं. आपण मधेच उपटतो. आपल्याला जो गोडवा लागतो तो त्याच्या पुढच्या वर्षाच्या फुलांसाठीचा आहे. कांद्याचंही असंच, म्हणून तर ठेवलेल्या कांद्याला कोंब येतो, तो खराब झालेला नसतो, त्याची वेळ झालेली असते.

आणि कांद्याने डोळ्यांत पाणी का येतं? पेशी शाबूत असेपर्यंत कांद्याला काही वास नाही, गंधकाची संयुगं एकीकडे आणि त्यांच्यावर क्रिया करणारं एन्झाइम दुसरीकडे असतं. सुरी फिरली, पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि गॅस तयार होतो, जमिनीखाली कांदा कुरतडायला आलेल्यासाठी ठेवलेलं हत्यार ते, आपल्यावर चालतं. हे गंधक मातीतून येतं. माती गंधकाला गरीब असेल तर तोच कांदा सौम्य निघतो. म्हणजे जमीन कशी होती हे चिरणाऱ्याच्या डोळ्यांना कळतं, थोडंफार तरी.

मिरचीचं गणित उलटं आहे. तिला कोणीतरी खायला हवंच असतं, पण पक्ष्यांनी. पक्ष्यांना तिखट लागत नाही आणि त्यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडतं. दाढांनी बी चावून टाकणारे आपल्यासारखे प्राणी तिला नकोत, म्हणून तो जाळ. आणि आपण तरी खातो, हौसेने, घाम पुसत पुसत.

आता सफरचंद, पण आडवं कापा, उभं नाही. मधे पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल, पाच कप्पे, प्रत्येकात साधारण दोन बिया. एखादं सफरचंद एका बाजूने चेपलेलं, वाकडं असतं ना, ते घ्या आणि चेपलेल्या बाजूचा कप्पा बघा, बऱ्याचदा तिथे बी धरलेलंच नसतं. बी वाढताना हार्मोन सोडतं आणि त्याच्या जोरावर आजूबाजूचा गर फुगतो, बी नाही तर गर पण कमी. आणि बी का नाही? तर फुलावर पुरेसे पराग पोचले नाहीत, कदाचित त्या दिवसांत पाऊस होता, थंडी होती, मधमाश्या बाहेरच पडल्या नाहीत. कधीकाळी कुठल्यातरी बागेत मधमाशीची एक फेरी चुकली त्याची नोंद फळात राहते, आणि आपण वाकडं म्हणून तेच बाजूला टाकतो.

खरं सांगायचं तर पाकिटावर हिरवं पान छापून खाली ‘नॅचरल’ लिहिलं की निसर्गाशी नातं जुळलं हे मला पटत नाही. उलट आपल्या ताटातलं बरंचसं निसर्ग आणि माणूस दोघांनी मिळून केलेलं आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल या सगळ्या एकाच जातीच्या वनस्पती आहेत, ब्रासिका ओलेरेसिया. लोकांनी कुठे कळी मोठी होणारी झाडं निवडली, कुठे फुलोरा, कुठे खोड. गव्हाचंही तेच. रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून दाणे जमिनीवर पडतात, झाडाच्या दृष्टीने हेच बरोबर. पण पश्चिम आशियात साधारण 10,000 वर्षांपूर्वी लोक कापणी करायला लागले तेव्हा न तुटणाऱ्या ओंब्याच जास्त घरी आल्या, त्याच परत पेरल्या गेल्या, आणि आजच्या गव्हाला स्वतःचं बी नीट पसरवता येत नाही. आपण त्याच्यावर जगतो आणि तो आपल्यावर.

हे सगळं उभं राहतं कशातून? झाडाचं वाळलेलं वजन बहुतेक हवेतून येतं, पानं कार्बन डायऑक्साइड घेतात त्यातून. प्रोटीन बनवायला लागणारा नायट्रोजन मात्र हवेत 78 टक्के असूनही झाडाला थेट घेता येत नाही, आधी तो दुसऱ्या कशाशी तरी जोडून बांधावा लागतो. 1909 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी तो प्रयोगशाळेत हायड्रोजनशी जोडून अमोनिया करून दाखवला, 1913 पासून जर्मनीत कारखान्यात हा अमोनिया, ज्यापासून खत होतं, बनायला लागला, प्रचंड दाब आणि 400-500 अंशांची उष्णता लावून. आज माणसांच्या शरीरातला साधारण निम्मा नायट्रोजन या मार्गाने आलेला असावा असा अंदाज आहे. म्हणजे खतांच्या कारखान्याला निसर्गाच्या गोष्टीतून वगळून टाकता येणार नाही, आवडो न आवडो.

हेच काम जमिनीतले रायझोबियम बॅक्टेरिया मातीच्या साध्या तापमानाला करतात, घेवडा, वाटाणा अशा शेंगांच्या झाडांच्या मुळांवर गाठी करून. कुंडीत घेवडा लावला असेल तर फुलं यायच्या सुमारास एक रोप हळूच काढा, मुळं पाण्यात हलवून धुवा. मोहरीएवढ्या, थोड्या मोठ्या गाठी दिसतील, त्यातली एक नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर ती काम करतेय, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच नात्यातलं. पांढरी असेल तर अजून सुरुवात झालेली नाही, हिरवट-तपकिरी असेल तर दमली. बांधलेला नायट्रोजन बराचसा दाण्यांत जातो, शेंगांच्या दाण्यांत प्रोटीन एवढं असतं ते म्हणूनच, आणि उरलेला पानांत आणि मुळांत राहतो. तेव्हा शेंगा खाऊन झाल्या की झाड उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं तिथेच कुजू द्या आणि त्याच कुंडीत पुढची पालेभाजी टाका.