आपले धावणे इतरांना सांगताना

श्रोतेहो, नमस्कार.

पदकासाठी नव्हे, तर आवडीने, प्रकृतीसाठी किंवा मनाच्या उभारीसाठी नियमित धावणारी असंख्य माणसे आज जगभर आहेत. नोकरी, घर, मुलेबाळे, दुखणीखुपणी हे सगळे सांभाळून ती दिवसातला तास-अर्धा तास बाजूला काढतात, आणि धावून आल्यावर आज किती धावलो, कसे धावलो, हे कोणाला तरी सांगतात. कोणी सोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी लिहितात, कोणी स्ट्राव्हासारख्या ॲपवर नोंद टाकतात, तर कोणी धावता धावताच शेजारच्याला सांगतात. या सांगण्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. माझे म्हणणे असे आहे, की हौशी धावकाने आपली प्रगती जितक्या उत्साहाने सांगावी, तितक्याच सविस्तरपणे आपले अडणे, दुखणे आणि थांबणेही सांगावे, कारण ऐकणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाला येते ते बहुधा हेच असते.

धावण्यातली प्रगती शरीराच्या सगळ्या भागांत एका गतीने होत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सराव सुरू झाला की काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होऊ लागते आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची वाढ होते. त्यामुळे ज्याला सुरुवातीला दोन मिनिटांत धाप लागत होती, तो दीड-दोन महिन्यांत अर्धा तास सलग धावू शकतो. पण हाडे, टाचेमागची धोंडशीर आणि तळपायाचे बंध यांना तोच पल्ला गाठायला कित्येक महिने लागतात. हाड बळकट होण्याची रीतच अशी आहे, की आधी जुना भाग शोषला जातो आणि मग त्या जागी नवा भरला जातो, म्हणजे मधल्या काळात ते उलट थोडे कमकुवत असते. नवख्या धावकाचा दम वाढलेला असतो, हुरूप शिगेला पोचलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी कुरकुरू लागते. पहिल्या काही महिन्यांत इतक्या जणांचे धावणे का सुटते, याचे एक मोठे कारण मला यातच दिसते.

आता अशा माणसाची गटावरची नोंद पाहा. ‘पाच किलोमीटर, ३४ मिनिटे.’ खाली चार-सहा जणांनी अंगठे दाखवलेले असतात. या नोंदीतून त्या माणसाविषयी काहीच कळत नाही, आणि महिन्याभराने त्याने स्वतःच ती वाचली तरी त्यालाही काही आठवणार नाही. त्याऐवजी त्याने असे लिहिले असते : ‘पाच किलोमीटर, ३४ मिनिटे. पहिला किलोमीटर डावी नडगी आतल्या बाजूने दुखत होती, अंग गरम झाल्यावर थांबली. रात्री झोप कमी झाली होती. शेवटचा किलोमीटर बोलत बोलत धावलो.’ या चार वाक्यांत अनुभवी सोबत्याला बरेच दिसते. अंग तापल्यावर थांबणारी वेदना ही सुरुवातीची खूण असते, तिच्याकडे आजच लक्ष दिले तर काही दिवसांच्या विश्रांतीवर भागते, हे तो सांगू शकतो, आणि पुढच्या रविवारचा लांब पल्ला कमी कर, असेही सुचवू शकतो.

नडगीचा विषय निघालाच आहे, तर थोडे सविस्तर सांगतो, कारण हे दुखणे नवख्यांमध्ये फार आढळते. बसून पाय मोकळा सोडावा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली न्यावा. वेदना बोटभर किंवा त्याहून जास्त लांबीवर पसरलेली असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट असते, म्हणजे हाडाच्या कडेवर आलेला ताण. पण एखाद्या नेमक्या ठिपक्यावरच कळ उठत असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवार पडलेल्या भाराने हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी, धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे फोटो स्वच्छ आला एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नये. अंगठ्याची ही तपासणी केवळ शंका घेण्यापुरती आहे, निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

सांगण्याने होणारा एक अपायही इथे स्पष्ट मांडायला हवा. आपला वेग चारचौघांना दिसणार आहे, हे मनात असले की माणूस सावकाश धावायला संकोचतो. हलक्या सरावाच्या दिवशीही तो थोडा जोर लावतो, आणि असे करता करता त्याचा प्रत्येक दिवस मध्यम कठीण होऊन बसतो. त्यातून थकवा साचतो, पण वेग वाढत नाही. मोठमोठ्या धावपटूंची रीत याच्या अगदी उलट आहे. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे, की त्यांच्या सरावाच्या सत्रांपैकी सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या जोराची असतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या शिष्यांकडून आधी कित्येक आठवडे दीर्घ पल्ल्याचा पाया घालून घेतला आणि मगच वेगाकडे वळवले. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी पटकावले. ८०० मीटरची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते, तरीही तिच्यासाठी आठवड्याला दीडशे किलोमीटरहून अधिक धावण्याचा पाया घातला गेला होता. आपल्याला एवढा पल्ला झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही, पण हलक्या धावण्याची कसोटी मात्र आपल्याला सहज वापरता येते. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. दर तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा, गरज पडली तर चालावे, आणि नोंदीत ‘आज मुद्दाम सावकाश’ असे निःसंकोच लिहावे. गटातल्या जाणत्यांनी असे लिहायला सुरुवात केली, की नवख्यांचा संकोच आपोआप कमी होतो.

आपल्या नोंदीकडे कोण लक्ष देणार, असे मंद धावणाऱ्यांना नेहमी वाटते. त्यांच्यासाठी एका अभ्यासाची माहिती देतो. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइडिस या संशोधकांनी २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सुमारे ११ लाख धावकांच्या पाच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मित्र धावतो म्हणून आपण धावतो, की दोघांना मुळातच आवड असते म्हणून दोघे धावतात, हा खरा पेच होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी हवामानाचा आधार घेतला. एका शहरात पाऊस पडला की तिथल्या लोकांचे धावणे घटते. त्यांचे मित्र दूरच्या शहरात असतील आणि तिथे आकाश मोकळे असेल, तरीही त्या मित्रांच्या धावण्यात फरक पडतो का, हे त्यांनी पाहिले. फरक पडत होता. म्हणजे धावण्याची ओढ एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे सिद्ध झाले. मला यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो : कमी धावणाऱ्यांचा प्रभाव जास्त धावणाऱ्यांवर पडतो, उलट दिशेने मात्र तो तसा आढळला नाही. मागचा माणूस जवळ येतो आहे, हे पाहून पुढचा उठतो. तेव्हा तीन किलोमीटर धावून आलेल्या माणसाने आपली नोंद क्षुल्लक समजून दडवू नये.

ध्येयाचेही थोडे सांगायला हवे. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी निकालांचा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पडताळा घेतला, तेव्हा साडेतीन तास, चार तास अशा पूर्ण आकड्यांच्या जरा आधी पोचणाऱ्यांची गर्दी दिसली आणि त्या आकड्यानंतर लगेच संख्या घटलेली दिसली. पूर्ण आकडा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये बळ देतो, यात शंका नाही. पण त्याच आकड्यामुळे चार तास एक मिनिटात पोचलेला माणूस गटावर ‘हुकले’ एवढा एकच शब्द लिहून गप्प होतो, आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव त्या एका मिनिटाखाली गाडला जातो. त्या दिवशी ऊन किती होते, हवेत दमटपणा किती होता, सुरुवातीचे दहा किलोमीटर वेग जास्त झाला का, तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या शर्करेचा, साठा संपून पाय जड झाले का, हे लिहिले तर त्याच अनुभवातून पुढच्या शर्यतीची आखणी होते. उकाड्यात शरीराला थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. त्या दिवशीची मंद वेळ ही शरीराने केलेली योग्य तडजोड असते.

आता थांबण्याविषयी. दुखापत झालेला धावक बहुधा गटातूनच दिसेनासा होतो. इतरांच्या नोंदी वाचून जीव तुटतो, आणि आपले सगळे गेले, ही भीती मनात घर करते. ही भीती बऱ्याच अंशी अवास्तव आहे. आठवडाभराच्या विश्रांतीने फारसे काही हरवत नाही. दोन आठवड्यांनंतर दमात घट जाणवू लागते, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण सर्वांत आधी उतरते, पण तेच परत वाढतेही लवकर. वर्षानुवर्षांच्या सरावाने झालेले बदल इतक्या झटपट पुसले जात नाहीत, आणि पूर्वी धावलेला माणूस पहिल्या खेपेपेक्षा कमी वेळात पूर्वपदावर येतो. याचे उदाहरण म्हणून जोन बेनॉइट यांचे नाव नेहमी घेतले जाते. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच घेतली गेली आणि ती त्यांनी जिंकली. त्याआधी अमेरिकेच्या निवड-शर्यतीला अवघे १७ दिवस उरले असताना त्यांच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली होती. ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे, परंतु दुखावलेल्या हौशी धावकाला ती सांगताना जपून सांगावी, असे मला वाटते. त्यांच्या पाठीशी कित्येक वर्षांचा पाया होता आणि प्रत्येक टप्प्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. आपल्या माणसाला शर्यत चुकली तर पुढच्या वर्षी दुसरी आहे.

थांबलेल्याला गटात कसे ठेवावे, याचा एक उत्तम दाखला लंडनच्या बुशी पार्कमधला आहे. पॉल सिन्टन-ह्युइट यांना दुखापतीमुळे धावता येत नव्हते. धावणाऱ्या मित्रांची संगत मात्र सोडायची नव्हती, म्हणून त्यांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी पाच किलोमीटरचे एक साधे धावणे ठेवले आणि वेळ नोंदवण्याची जबाबदारी घेतली. त्या दिवशी १३ जण धावले. तोच उपक्रम पुढे पार्करन या नावाने वीसहून अधिक देशांत पोचला, आणि आजही तो विनामूल्य आहे व स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. आपल्या गटातही हे सहज करता येते. दुखावलेल्या सोबत्याला सल्ल्यांचा मारा करू नये, तो कोणत्या डॉक्टरांकडे गेला आणि ते काय म्हणाले, एवढे विचारावे, आणि पुढच्या लांब पल्ल्याच्या दिवशी वेळ नोंदवायला किंवा वाटेत पाणी घेऊन उभे राहायला त्याला आवर्जून बोलवावे.

जाता जाता सुरक्षिततेचेही सांगतो. ॲपवरच्या नकाशात आपले घर आणि आपली नेहमीची वेळ दोन्ही दिसतात. एकट्याने धावणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, वाटेचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग झाकण्याची सोय वापरावी.

दुखापतीनंतर परतणाऱ्याने आधी अर्धा तास वेदनेविना भरभर चालून पाहावे. ते जमले की एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे करावे, मध्ये एक दिवस सोडावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना पाय काय सांगतो ते पाहून पुढचे ठरवावे. मागच्या महिन्याभरातल्या आपल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा एकाच दिवशी खूप जास्त धावणे हे पुन्हा दुखावण्याचे मोठे कारण असते, म्हणून वाढ थोडी-थोडी करावी. या दिवसांतल्या वेळेची तुलना दुखापतीआधीच्या वेळेशी करू नये, नोंदवहीत नवे पान काढावे. आणि त्या पानावरची पहिली नोंद, वीस मिनिटांतली जेमतेम सात मिनिटांची धाव, गटावर जरूर टाकावी, कारण त्याच आठवड्यात धावायला सुरुवात केलेला एखादा नवखा गटात असेल, तर दोघांना बरोबरीची सोबत मिळेल.

नमस्कार.