मत्तयाने न लिहिलेलं

योसेफ उभा आहे. समोर मरिया, दिवस गेलेली. कॅमेरा तिचा चेहरा दाखवतो, मग त्याचा. दोघंही गप्प. तो पाठ फिरवतो आणि चालू लागतो. वाटेत त्याचा डोळा लागतो, देवदूत येतो, आणि तेव्हा कुठे ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ या चित्रपटात पहिला शब्द ऐकू येतो.

मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कहाणी, उघडून पाहा. लग्नाआधीच मरियेला दिवस गेल्याचं कळल्यावर योसेफ तिला काय म्हणाला, हे मत्तय सांगतच नाही. एरवी पटकथेत इथे पानभर भांडण आलं असतं. दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांनी ती जागा रिकामी सोडली.

हे इटलीतले कवी, मार्क्सवादी, देव न मानणारे. ऑक्टोबर १९६२ मध्ये ते असिसीत पाहुणे म्हणून उतरले होते. पोप तेविसावे जॉन गावात येणार म्हणून रस्ते तुंबले, खोलीतून निघता येईना. हाताशी शुभवर्तमानं होती, ती वाचायला घेतली. १९६४ साली चित्रपट आला तेव्हा हे पोप हयात नव्हते. त्यांच्याच स्मृतीला तो अर्पण केला आहे.

आधी ते पॅलेस्टाइनला जागा बघून आले. तिथं सगळं फार बदललेलं, नवं वाटलं. मग दक्षिण इटलीतलं मातेरा, डोंगरात कोरलेल्या घरांचं गरीब गाव, जेरुसलेम झालं. येशू झाला एन्रिके इराझोकी, १९ वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी. आजूबाजूचे चेहरे गावकऱ्यांचे, उन्हाने रापलेले.

संवाद मत्तयाचे. पासोलिनींनी प्रसंग गाळले, क्रम हलवला, पण येशूच्या तोंडी पदरचं वाक्य घातलं नाही. डोंगरावरचं प्रवचन बघा. डोंगर नाही, गर्दी नाही, फक्त चेहरा. प्रकाश बदलतो, वारा सुटतो, मागे अंधारून येतं, आणि बोलणं चालूच. मी मराठी शुभवर्तमान मांडीवर घेऊन हा भाग पाहिला. पानं मागेपुढे करावी लागली, पण बोटाला ओळ सापडत गेली.

एका ठिकाणी मात्र त्यांनी मत्तयाला सोडलं. वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या बायकांची नावं मत्तय देतो. त्यांतल्या एकीलाही तो येशूची आई म्हणत नाही. आई वधस्तंभापाशी उभी असते ती योहानाच्या शुभवर्तमानात. पासोलिनींनी तिला आणलं, आणि त्या भूमिकेत उभी केली स्वतःची आई, सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ मध्ये, फॅसिस्टांविरुद्धच्या लढ्यात असताना, मारला गेला होता. मला ही बेइमानी वाटत नाही. मुलगा गेलेली बाई त्या जागी हवीच होती.

पडद्यावर सुझान्नाचे पाय लटपटतात. लोक तिला धरतात. चेहरा पिळवटून निघतो. संवाद तिला एकही दिलेला नाही.