नवी गाडी, थंड इंजिन आणि सायलेन्सरचा धूर

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडकडे पारा एक आकडी झाला की नवी गाडी घेतलेल्या घरांत एक काळजी सुरू होते. सकाळी गाडी सुरू करावी, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, नळीतून पाण्याचे थेंब, चढा आवाज आणि वर पेट्रोलचा वास. गाडीला महिनाही झालेला नसतो. बहुतेक वेळा अशा गाडीत काहीही दोष नसतो. पण कधी कधी असतो, आणि तो घरच्या घरी ओळखता येतो.

आधी आवाजाचं बघू. गरम झालेलं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत साधारण ७०० ते ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांनी, चालतं. थंड असताना हाच काटा १२०० ते १५०० वर दिसतो. गाडीचा संगणक हे मुद्दाम करतो. विषारी वायूंचा निचरा करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून संगणक स्पार्क जरा उशिरा देतो. त्यामुळे बरीचशी उष्णता सिलिंडरमध्ये न राहता सायलेन्सरच्या वाटेने जाते आणि आवाज जाड, घोगरा येतो. अर्ध्या ते दीड मिनिटात काटा उतरू लागला, की समजा सगळं ठीक आहे. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणावरचे बीएस-६ नियम आले आणि कन्व्हर्टर झटपट तापवणं फारच महत्त्वाचं झालं. म्हणून जुन्या गाडीच्या आवाजाशी नव्या गाडीची तुलना करू नका.

आता पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन निघून जातं, दिसत नाही. सायलेन्सर थंड असला की ती वाफ नळीतच गार होऊन थेंब पडतात, आणि बाहेरची हवा गार असली की पांढरी वाफ दिसते. सीएनजीवर चालताना ही वाफ आणखी जास्त असते. नळीपासून दोन-तीन फुटांत ती विरून गेली आणि इंजिन तापल्यावर दिसेनाशी झाली, तर ती वाफच. पेट्रोलचा वासही पहिल्या मिनिटापुरता असतो, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि संगणकाला ते जास्त सोडावं लागतं. अगदी नव्या गाडीत पहिले काहीशे किलोमीटर जळका वासही येतो. नळ्यांवर लावलेलं संरक्षक तेल आणि मेण जळून जात असतं.

मग काळजी कशाची करायची? निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, तर इंजिनात ऑइल जळतंय. इंजिन पूर्ण तापूनही दाट पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, आत शिरत असण्याची शक्यता मोठी. दाट काळा धूर थांबतच नसेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जातंय. आणखी एक खूण फार उपयोगाची आहे: थंड असताना बॉनेटखालून टक-टक किंवा फट-फट आवाज येतो आणि गाडी तापली की बंद होतो. बऱ्याचदा ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गास्केटची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरच्या पट्टीची, गळती असते. धातू तापून फुगतो, फट मिटते आणि आवाज जातो. म्हणजे ‘तापल्यावर बंद होतंय ना’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो कायमचा निकामी होऊ शकतो.

तपासायचं कसं? गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सुरू करण्याआधी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइलची आणि कूलंटच्या टाकीवरच्या खुणांवर कूलंटची पातळी बघा. मग मोकळ्या जागी, ॲक्सिलरेटर न दाबता गाडी सुरू करा. नळीपासून वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. डाग वाळून नाहीसा झाला तर पाणी, तेलकट राहिला तर ऑइल. नुसती काजळी दिसली तर घाबरू नका, डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात ती येतेच. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरते का ते आठवा. अशा वापरात इंजिन तापतच नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा.

हे सगळं बंद गॅरेजमध्ये मात्र कधीही करू नका. कन्व्हर्टर तापेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो.

गाडी उभी ठेवून दहा मिनिटं तापवण्याचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबा आणि निघा. तापमानाचा निळा दिवा विझेपर्यंत २००० ते २५०० आरपीएमच्या वर जाऊ नका.

शंका राहिलीच, तर सर्व्हिस सेंटरला सकाळी गाडी नेऊन उपयोग नाही. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापतं, आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. पहिल्या दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, त्यात आरपीएमचा काटा आणि सायलेन्सर दोन्ही दिसू द्या. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडा, आणि जॉब कार्डवर स्पष्ट लिहून घ्या: ‘सकाळी थंड इंजिनावर, मालकासमोर सुरू करून तपासणे.’