भाजलेल्या रुग्णाची उशी

श्रोतेहो, नमस्कार. जळीत कक्षात भेटायला आलेली आई किंवा आजी पहिलं काय करते, तर मायेनं मानेखाली उशी सरकवते. गळा भाजलेला असेल, तर आम्ही फिजिओथेरपिस्ट ती लगेच काढून घेतो. नातेवाइकांना राग येतो, आणि तो मी समजू शकते.

पण खोल भाजलेली कातडी भरताना आखडत जाते. रुग्ण दुखू नये म्हणून अंग चोरून पडतो: हनुवटी खाली, कोपर दुमडलेलं, हात छातीशी, गुडघे वर. ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत सांधा अडकतो. मग मान वर होत नाही, काख आखडली तर कंगवा केसांपर्यंत पोहोचत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून "जखम भरू दे, व्यायामाचं मग बघू" असं कृपा करून म्हणू नका. प्रकृती स्थिर असेल तर फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. सुरुवातीला फक्त नीट झोपवणं असतं: मान किंचित मागे, काख भाजली असेल तर हात बाजूला काटकोनात, कोपर आणि गुडघा सरळ. पंजा भाजला की प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी हवी, नाहीतर बोटं एकमेकांना चिकटतात. वर स्प्लिंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारा कडक आधार, बांधतो, त्यात मनगट थोडं वर, बोटं मुळाशी वाकलेली आणि पुढे सरळ राहतात. ते "टोचतंय" म्हणून रात्री सोडू नका, सिस्टरना सांगा.

व्यायाम दुखतो, हे खरंच आहे. म्हणूनच वेदनाशामक देऊन, बऱ्याचदा ड्रेसिंगच्या वेळीच तो करून घेतात. त्वचारोपण, म्हणजे दुसरीकडची कातडी जखमेवर लावणं, झालं की तेवढा भाग काही दिवस हलवायचा नाही, बाकीचे सांधे मात्र चालू ठेवायचे. धुरात अडकलेल्यांना दीर्घ श्वास आणि खोकून कफ काढणं शिकवतात.

घरी गेल्यावरच खरी कसोटी. भरलेल्या जखमेचा व्रण वर्षभर, कधी दोन वर्षंही बदलत राहतो. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारं घट्ट वस्त्र, दिवसाचे जवळजवळ 23 तास घालावं लागतं, आपल्या उकाड्यातसुद्धा. आणि घास भरवू नका हो! सांडलं तरी चालेल, त्याला त्याच्या हातानं जेवू द्या. डिस्चार्ज घेताना व्यायाम लिहून घ्या, आणि तुमच्यासमोर एकदा करून दाखवायला सांगा.