लिकोरिस म्हणून घेतलं, ज्येष्ठमध कुठाय?

नमस्कार मंडळी! बेळगावातनं, शहापुरातल्या आमच्या घरातनं बोलतोय. आज खाण्याचा व्हिडिओ आहे, पण कुंद्याचा नाही आणि गोकाकच्या करदंटाचाही नाही. कुंदा कुठं पळून जात नाही, त्याच्याकडं कधीतरी सवडीनं येऊ.

(पुडी कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. टिळकवाडीत बाहेरदेशची चॉकलेटं ठेवणारं एक दुकान आहे, तिथं नवीन आलंय. फळांच्या चवीचं लिकोरिस. लाल, गुलाबी, हिरव्या, निळ्या दोऱ्या, पीळ घातलेल्या, चघळून खायच्या. दीडशे रुपये मोजलेत, त्यामुळं चांगलं लागलं नाही तरी पुडी संपवणार आहे. आमच्याकडं असल्या सगळ्या गोळ्यांना सरसकट पेपरमिंट म्हणतात. आत पुदिन्याचा थेंब नसला तरी पेपरमिंटच. ही सवय लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुडी फोडली तेव्हा आज्जी शेंगा सोलत बसली होती. मान वर करून म्हणाली, "काय गा हे, वायरीचं तुकडं?"

वायरच दिसते, खरं आहे. (दोरी आडवी कापून) आणि आतून पोकळ आहे. ह्या भोकातनं मला कॅमेऱ्याची लाल लाईट दिसते. चकलीच्या सोऱ्यासारखंच प्रकरण आहे हे. साखरेच्या पाकात गव्हाचं पीठ शिजवून घट्ट गोळा करायचा आणि तो साच्यातनं दाबून बाहेर काढायचा. साच्याचं तोंड फिरतं ठेवलं की दोरीला पीळ पडतो. मग सुकवायचं. पिठातला स्टार्च शिजताना पाणी धरून ठेवतो, म्हणून कडक होत नाही, चिवट होतं. आपला कॉर्नफ्लोअरचा हलवा दातांनी ओढावा लागतो ना, त्याचं कारण हेच.

पीठ आहे म्हणून दुसरी एक गोष्ट सोपी होते. जेली-गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. आमच्या ह्या भागात जैन आणि लिंगायत घरं भरपूर, तिथं पोराच्या हातात असली गोळी देण्याआधी पुडी उलटीपालटी करून बघतातच. ह्याच्यावर हिरवा ठिपका आहे. बाहेरचा माल घेताना आणखी एक बघा. आयात करणाऱ्याचं नाव आणि एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना नंबर, ह्याचं स्टिकर असायला पाहिजे. नसलं तर परत ठेवा.

आता मुद्द्यावर. लिकोरिस म्हणजे काय? (डबी उघडून) हे. आज्जीच्या डबीतलं ज्येष्ठमध. संस्कृतात यष्टिमधु, म्हणजे गोड काठी. कन्नडमध्ये अतिमधुर. 'लिकोरिस' ह्या शब्दाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचाही अर्थ गोड मूळ. खोकला झाला की तोंडात ठेवायची ती काडी, पिवळट, धागे सुटणारी. आमच्या पलीकडं सुळेभावीला कुमार गंधर्वांचा जन्म झाला, म्हणजे गाणाऱ्यांचा मुलूख हा, आणि गाणाऱ्यांच्या खिशात ही काडी हमखास सापडते.

मग पुडीवर काय लिहिलंय बघू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. साखर, ग्लुकोज सिरप, गव्हाचं पीठ, तेल, आंबटपणासाठी 330 आणि 296, रंग, वास. संपलं. ज्येष्ठमध? कुठंच नाही! मी दोनदा वाचलं, मग भिंग घेऊन वाचलं. नाही.

ह्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, नावाची गंमत आहे. इंग्लंडात पॉन्टेफ्रॅक्ट नावाच्या गावात ज्येष्ठमधाच्या औषधी वड्या व्हायच्या. तिथल्या जॉर्ज डनहिल नावाच्या औषधवाल्यानं 1760 मध्ये त्यात साखर घातली आणि औषधाचा खाऊ झाला, असं सांगतात. तो काळा खाऊ. पुढं तशाच दोऱ्या स्ट्रॉबेरीच्या, चेरीच्या चवीत निघाल्या. आकार तोच, चिवटपणा तोच, म्हणून नावही तेच चिकटलं. आमच्या पेपरमिंटाचं झालं तसंच.

बरं, खाऊन बघू.

लाल, स्ट्रॉबेरी. (चावत) वास आधी येतो, चव मागनं. थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे खोके इकडं येतात, ती खाल्लेल्या माणसाला हे सरबताची बाटली उघडल्यागत वाटेल. खऱ्या फळाच्या वासात शेकडो घटक असतात, इथं मोजके असणार. तरी वाईट नाही. दाढेला चिकटतंय मात्र.

हिरवं, सफरचंद. हे चांगलं आहे! कारण ते 296, म्हणजे मॅलिक ॲसिड. सफरचंदातच सापडतं. 330 म्हणजे सायट्रिक, लिंबातलं. त्याचा आंबटपणा झटकन येतो आणि जातो. मॅलिकचा रेंगाळतो. चार घास झाले तरी जबडा आवळतोय बघा.

गुलाबी, कलिंगड. सोडा.

निळी, रास्पबेरी. रास्पबेरी तर लाल असते, मग निळी कशी? स्ट्रॉबेरी लाल, चेरी लाल, कलिंगड लाल, ओळखायचं कसं, म्हणून अमेरिकेत रास्पबेरीला निळा रंग दिला. त्यातच ज्या एका लाल रंगाबद्दल शंका होती, त्यावर 1976 मध्ये तिथं बंदी आली, त्यामुळं निळं आणखी पक्कं झालं. चव? मला विचाराल तर चोर्ल्याच्या वाटेवर पानाच्या द्रोणात मिळणारी करवंदं ह्याच्या शंभरपट बरी. जीभ मात्र बघा. (जीभ दाखवून) शाईची दौत सांडल्यागत.

आज्जीला हिरव्याचा बारका तुकडा दिला. कवळीत अडकला. पाच मिनिटं ती काही बोललीच नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "चव बरी हाय, पण खाणं हाय का भांडण हाय?"

आता खरं लिकोरिस. (काडी तोंडात ठेवून) सुरुवातीला लाकूड. मातकट. थांबा जरा... आलं. गोड येतं ते जिभेच्या मागच्या बाजूनं येतं आणि चढतच जातं. ह्यातलं ग्लिसरायझिन साखरेपेक्षा 30 ते 50 पट गोड असतं. शेवटी शेवटी बडीशेपेची आठवण. तिकडच्या काळ्या लिकोरिसमध्ये बडीशेपेच्या जातीचं तेलही घालतात, म्हणून आपल्याकडचं माणूस ते पहिल्यांदा खाल्लं की जेवण झाल्यागत हात धुवायला उठेल.

फिनलंड, हॉलंडकडची मंडळी तर आणखी पुढं. ते लिकोरिसमध्ये अमोनियम क्लोराईड घालतात. म्हणजे नवसागर! कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो, भस्सकन पांढरा धूर निघतो, तोच. तिथली पोरं आवडीनं चघळतात.

एक काळजीची गोष्ट. हे ग्लिसरायझिन जास्त झालं तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, बीपी चढतो. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं सांगून ठेवलंय की चाळिशी ओलांडलेल्यांनी काळं लिकोरिस रोज 57 ग्रॅम, असं निदान 2 आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खोकल्यापुरती काडी वेगळी, पण बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. आमच्या आज्जीला चालू आहे, म्हणून डबी तिची असली तरी आज काडी माझ्या तोंडात. फळवाल्या दोऱ्यांत ज्येष्ठमधच नसल्यामुळं ही भीती नाही. तिथं साखरेची भीती, ती तुम्हाला ठाऊकच आहे.

तर हिरवं पहिलं, लाल दुसरं, निळं गल्लीतल्या पोरांना. दीडशे रुपये परत खर्च करीन का? हिरव्याची वेगळी पुडी मिळाली तर करीन.

(बाजूनं चहाचा कप येतो) आला चहा. (घोट घेऊन) आज्जी, साखर घातली नाहीस?

"दोन चमचे घातलीय की! आधी ती काडी थुक."